आंदोलक तुरुंगात गेला की बाहेरच्यांनी काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

माणूस आत गेला की वाडीत सगळ्यात आधी मोर्चा ठरतो. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीवर घोषणा होतात, निवेदन दिलं जातं, फोटो निघतात. त्याच दिवशी त्याची रक्तदाबाची गोळी चुकलेली असते, आणि ती चुकली हे कुठल्याच कागदावर आलेलं नसतं. महिन्याभराने वकील आजारपणावर जामीन मागायला उभे राहतात. सरकारी वकील कारागृहाचा एका ओळीचा अहवाल पुढे करतात, ‘प्रकृती स्थिर’. त्याला उत्तर म्हणून आपल्या हातात मोर्च्याचे फोटो असतात.

जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी. कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक लढ्यात धरपकड झाली आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांनी याच चुका पुन्हा केल्या. म्हणून कामं कोणत्या क्रमाने करायची ते खाली लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. कागदावर कोणीही ‘राजकीय कैदी’ नसतो. तिथे बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, मनाई आदेशाचा भंग अशी कलमं असतात, आणि तुरुंगाच्या दप्तरात तो ‘न्यायाधीन बंदी’, म्हणजे अजून शिक्षा न झालेला कैदी, असतो. तो राजकीय कैदी आहे हे सभेत ठणकावून सांगा. अर्जात मात्र गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमं आणि बंदी क्रमांक लिहा. त्याशिवाय अर्ज योग्य टेबलावर पोचत नाही.

## १. अटकेच्या आधी: प्रत्येकाची एक फाईल

ज्यांना अटक होऊ शकते अशा प्रत्येकाची प्लॅस्टिकची एक फाईल करा. ती त्याच्या घरी नको, कारण पोलीस आले की घरात गोंधळ असतो. दोन वाड्या सोडून राहणाऱ्या, आंदोलनात पुढे नसलेल्या माणसाकडे ठेवा. फाईलमध्ये हे हवं:

- आरोग्याचा एक पानी तक्ता. वय, वजन, रक्तगट, आजार कधीपासून, कुठली गोळी किती मिलिग्रॅमची आणि कधी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया. औषधाचं नुसतं कंपनीचं नाव लिहू नका, मूळ औषधाचंही लिहा. तुरुंगात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळते, आणि ‘ही माझी नव्हे’ म्हणून माणूस ती घेत नाही.
- सरकारी दवाखान्याचा केसपेपर. खाजगी डॉक्टरकडे वीस वर्षं जात असलात तरी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन आजार आणि औषधं सरकारी कागदावर चढवून घ्या. शिक्का आणि तारीख असलेल्या त्या कागदाला कारागृहाच्या दारात वेगळीच किंमत असते.
- जुने रिपोर्ट, ईसीजी, चष्म्याचा नंबर.
- सही केलेले दोन वकालतनामे. माणूस आत गेल्यावर त्याची सही अधीक्षकांमार्फत आणावी लागते. त्यात सुट्टी आली तर तीन-चार दिवस सहज जातात.
- आधारची प्रत आणि दोन संभाव्य जामीनदारांचे कागद. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तपासा: फाईलमधली औषधाची चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी नाही ना? चिठ्ठीवर तारीख आहे ना?

वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये असून भागत नाही, मोबाइल पहिल्यांदा जातो. तो पाठ करून घ्या. जमत नसेल तर पेनाने दंडावर लिहा.

## २. पहिले चोवीस तास

आधी एक शोधून काढा: ही अटक आहे की प्रतिबंधात्मक स्थानबद्धता? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली धरलं असेल तर, दुसरा कायदा किंवा कलम लागू नसताना, चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गुन्ह्यातली अटक असेल तर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यावंच लागतं. किनाऱ्यावर माणसं एका ठाण्यात धरतात आणि दुसऱ्या तालुक्याच्या ठाण्यात नेऊन बसवतात. म्हणून ठाण्याठाण्यांत धावण्याआधी जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करा. अटक झालेल्यांची नावं तिथे असली पाहिजेत, कायदाच तसं सांगतो. फोन किती वाजता केला आणि काय उत्तर मिळालं ते वहीत टिपा.

ठाण्यावर दोघंच जा, एक वकील आणि एक नातेवाईक. पन्नास माणसं दारात उभी राहिली की आतल्याला भेटणं अवघड होतं आणि बाहेरच्यांवर आणखी एक गुन्हा चढतो. दोघांनी या गोष्टी बघायच्या:

अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली आहेत का? सर्वोच्च न्यायालयाने आधी यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) आणि मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी, ही कारणं लेखी देणं बंधनकारक ठरवलं आहे. लगेच दिली नसतील तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी मिळाली पाहिजेत.

वय साठच्या वर आहे किंवा माणूस अशक्त आहे, आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा आहे? मग पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ चं पोटकलम ७. आपल्या आंदोलनांत निम्मी माणसं साठीच्या पुढची असतात, तरी हे कलम कोणी काढत नाही.

बाई असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायला हवी. मुलगा-मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रश्न बाल न्याय मंडळाचा आहे. जन्मदाखला घेऊन तसंच सांगा.

आता वैद्यकीय तपासणी. त्याच संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरने तपासायचं असतं आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. ही प्रत आपल्याकडे जवळजवळ कोणी मागत नाही. मागा. माणसाला आधीच सांगून ठेवा: डॉक्टरने ‘काही त्रास?’ विचारलं की घाबरून ‘नाही’ म्हणायचं नाही. जुने आजार सांगायचे, रोजच्या गोळ्या सांगायच्या, लाठी लागली असेल तर वळ दाखवायचा. पोलीस शेजारी उभे असतात म्हणून माणसं गप्प बसतात, आणि त्या कागदावर ‘कोणतीही तक्रार नाही’ लिहून येतं. तोच कागद पुढे वर्षभर आपल्या विरोधात वाचला जातो.

सावध: तहसीलदार किंवा प्रांतांसमोर चांगल्या वर्तणुकीचा बाँड पुढे केला तर न वाचता सही नको. किती रकमेचा, किती महिन्यांचा, कुठल्या गावात जायचं नाही ते वाचा आणि प्रत घ्या. तडीपारीचा आदेश हातात पडला तर अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. ती आदेशाच्या तारखेपासून मोजा.

## ३. न्यायालयातली पहिली हजेरी

पोलीस कोठडी मागितली जाते, वकील विरोध करतात, पाच-दहा मिनिटांत आटपतं. या पाच मिनिटांत आरोग्याचा स्वतंत्र लेखी अर्ज गेला पाहिजे. जामिनाच्या अर्जात घुसडलेला परिच्छेद नको. एकच पान, मागण्याही लहान: अमुक औषध अमुक वेळेला द्यावं, घरून आणलेलं औषध स्वीकारावं, चष्मा जवळ ठेवू द्यावा, सरकारी रुग्णालयात तपासणी करून अहवाल न्यायालयात सादर करावा.

लहान मागणी मोठ्या मागणीत मिसळली की काय होतं, आणि उशिरा केली तर काय होतं, ते रायगडातल्याच तळोजा कारागृहात साऱ्या देशाने पाहिलं. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता, हाताने पेला धरता येत नव्हता. ८ ऑक्टोबर २०२० ला अटक झाली, आणि स्ट्रॉ व सिपरसाठीचा अर्ज नोव्हेंबरमध्ये पुढे आला. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस मागितले. पाणी प्यायच्या पेल्यासाठी वीस दिवस. ५ जुलै २०२१ ला, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, ८४ व्या वर्षी खाजगी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. तिथे त्यांना हलवलं होतं तेही मे महिन्याच्या अखेरीला, उच्च न्यायालयाच्या आदेशाने. हे वाचल्यापासून मी एक नियम केला आहे: चष्मा, काठी, कवळी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा, पाणी प्यायची सोय, जे काही लागतं ते पहिल्याच दिवशी, एकेक करून, लेखी.

न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ हा प्रश्न येणार हे माणसाला आधी सांगा. त्याचं उत्तर रोजनाम्यात उतरतं. व्हिडिओ कॉन्फरन्सवरून हजेरी असेल तर वकिलाने आधीच विनंती करून त्याला दोन वाक्यं बोलू द्यावीत. नाहीतर पडद्यावर चेहरा दिसतो आणि तारीख पडते.

वकील नसेल तर? कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, फोन १५१००. पुढे आपला वकील लावता येतो. ‘आपला मुंबईचा वकील येईपर्यंत थांबू’ म्हणून पहिली हजेरी बिनवकिलाची जाऊ देऊ नका.

## ४. कारागृहाच्या दारात औषध

आमच्या वाडीतले एक आजोबा आत गेले, तेव्हाची गोष्ट. साखरेचा आजार, दोन वेळा इन्सुलिन. तिसऱ्या दिवशी आम्ही थर्मासमध्ये बंदरावरचा बर्फ भरून त्यात इन्सुलिनची बाटली ठेवली आणि शनिवारी दुपारी कारागृहाच्या दाराशी उभे राहिलो. पहाऱ्यावरच्या शिपायाने चिठ्ठी मागितली. चिठ्ठी होती, पण डॉक्टरच्या छोट्या पॅडवरची, तारीख नाही, शिक्का नाही. त्याने दोनदा उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. डॉक्टर गेलेले, रविवार मध्ये. सोमवारी सरकारी दवाखान्याचा केसपेपर करून आणला तोवर आजोबांची साखर चारशेच्या वर गेली होती. आणि ती बाटलीही वाया गेली होती, कारण इन्सुलिन थेट बर्फाला लागून गोठलं तर निकामी होतं. शिपायाची चूक नव्हती. तारीख नसलेला कागद घेऊन आम्ही गेलो होतो.

म्हणून क्रम असा ठेवा.

आत पाठवताना होणारी आरोग्य तपासणी महत्त्वाची. माणसाने तिथे सगळं सांगायचं, आणि आरोग्याच्या तक्त्याची एक प्रत वकिलाने अधीक्षकांच्या नावे त्याच दिवशी आवकेत द्यायची. पोच घ्यायची.

मग औषध. चिठ्ठी ताजी, सरकारी केसपेपर सोबत, औषध सीलबंद, दुकानाचं बिल बंद्याच्या नावावर. सुट्या गोळ्या, काढलेली पट्टी, काढे, चूर्णं घेऊन जाऊ नका. कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी ते बघून परवानगी देतात, त्यामुळे ते असतील अशा वेळी, सकाळी, कामाच्या दिवशी जा. दहा-पंधरा दिवसांचं एकदम द्या. इन्सुलिन थंड पिशवीत, बर्फ आणि बाटलीमध्ये जाड फडकं ठेवून.

औषध घेतलं नाही तर दारात भांडू नका. ‘अमुक तारखेला अमुक वाजता हे औषध आणलं, स्वीकारलं नाही’ असा दोन ओळींचा अर्ज जागीच लिहा आणि आवकेत द्या. अर्जही घेत नसतील तर जवळच्या पोस्टातून त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेल करा. पोस्टाची पावती हा न्यायालयात पुरावा असतो.

२०२० च्या नोव्हेंबरात एल्गार परिषद प्रकरणातल्याच गौतम नवलखांचा चष्मा तळोज्यात चोरीला गेला, घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा स्वीकारला गेला नाही, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पार्सल पाठवून घरचे गप्प बसले असते तर हे प्रकरण तिथेच विझलं असतं. घरच्यांकडे पाठवल्याचा आणि परत आल्याचा हिशोब होता.

तपासा: बंद्याच्या खात्यात पैसे आहेत का? आत त्याला पीपीसी म्हणतात. कॅन्टीनमधून साधे पदार्थ घेता यावेत एवढी रक्कम दरमहा भरा. साखरवाल्या माणसाला दोन जेवणांच्या मध्ये खायला लागतं.

## ५. आजाराची डायरी

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. हेच कोणी करत नाही.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाखतीनंतर, म्हणजे कारागृहातल्या भेटीनंतर, मग ती समोरासमोर असो की व्हिडिओवरची ई-मुलाखत, बाहेर पडल्या पडल्या लिहा: तारीख, वजन कमी वाटतं का, पाय सुजलेत का, काय म्हणाला, कुठली गोळी किती दिवस मिळाली नाही, डॉक्टरने शेवटचं कधी बघितलं, रुग्णालयात नेतो सांगून नेलं का. विशेषणं नको. ‘फार वाईट अवस्था आहे’ याचा न्यायालयात काही उपयोग नाही. ‘१२ तारखेपासून जिना चढताना दम लागतो, १८ ला रुग्णालयाची तारीख होती, नेलं नाही’ याचा आहे.

रुग्णालयाची तारीख चुकण्याचं ठरलेलं कारण म्हणजे पोलीस गार्ड उपलब्ध नाही. आपल्याकडे गणपतीत आणि शिमग्यात हे हमखास होतं, सगळा बंदोबस्त रस्त्यावर असतो. तपासणीची तारीख त्या आठवड्यात पडली तर आधीच न्यायालयाकडून आदेश घ्या की पोलीस अधीक्षकांनी गार्ड द्यावा. नंतर रडून तारीख परत मिळत नाही, पुढची दीड महिन्याने मिळते.

कारागृहाकडून वैद्यकीय कागद मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, न्यायालयाने अहवाल मागवणं. त्यात प्रश्न नेमके विचारा: गेल्या तीस दिवसांतले रक्तदाबाचे आकडे, साखरेचे आकडे, दिलेल्या औषधांची नोंद, तज्ज्ञाकडे पाठवल्याच्या तारखा. नुसता ‘आरोग्य अहवाल सादर करावा’ म्हटलं की ‘प्रकृती स्थिर’ येतं. दुसरा, माहिती अधिकार. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जाच्या डोक्यावरच ‘जीवित व स्वातंत्र्यासंबंधी, ४८ तास’ असं ठळक लिहा. अर्ज बंद्याच्या नावाने करा किंवा त्याचं संमतीपत्र जोडा, नाहीतर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो.

एल्गार परिषद प्रकरणातल्याच कवी वरवरा रावांना उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ ला वैद्यकीय कारणावर सहा महिन्यांचा जामीन दिला, आणि १० ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. यूएपीएचं प्रकरण असूनही. तिथे रुग्णालयाचे कागद, तारखा आणि आकडे यांवर बाजू उभी राहिली होती.

उपोषणाला बसायचं बंद्याने ठरवलं तर ते लेखी कळवून, आणि पहिल्या दिवसाचं वजन नोंदवून घेऊनच. औषध सोडायचं नाही. हे त्याला कोणीतरी आपुलकीने, पण स्पष्ट सांगायला हवं.

## ६. अर्जांची पायरी

आपली माणसं पहिलं पत्र थेट राष्ट्रपतींना लिहितात. ते फिरत फिरत महिन्याने त्याच अधीक्षकांच्या टेबलावर येतं. खालून वर जा:

पहिलं, कारागृह अधीक्षक. दोन दिवसांत हालचाल नाही तर प्रकरण ज्या न्यायालयात आहे तिथे अर्ज. त्याच वेळी प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात आणि कारागृहाच्या अभ्यागत मंडळातही त्यांचं स्थान असतं, त्यामुळे या प्रतीला वजन आहे. मग पुण्याला कारागृह महानिरीक्षक, आणि मुंबईला राज्य मानवी हक्क आयोग. शेवटी उच्च न्यायालय.

इथे नवी चूक होऊ लागली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. रायगड, ठाणे, पालघर मुंबईकडेच. चाकरमान्यांच्या ओळखीने मुंबईत वकील धरतात, फाईल तिकडे जाते, आणि आठवडा फुकट जातो. पावसात आंबा घाटाची खबर घेऊनच निघा, सुनावणीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला पोचा.

सावध: न्यायाधीन बंद्यासाठी ‘पॅरोल’ मागू नका. पॅरोल आणि फर्लो शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. न्यायाधीन बंद्याला घरातल्या मयतासाठी किंवा उपचारासाठी बाहेर यायचं तर तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याचा आदेश, दोन्ही न्यायालयाकडूनच.

## ७. जामीन

आजारी किंवा अशक्त माणसाला आणि स्त्रीला जामिनात वेगळा विचार मिळतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८०. यूएपीए असेल तर कलम ४३-ड(५) आडवं येतं. तिथेही खटला वर्षानुवर्षं रखडला तर घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात, हे के. ए. नजीब प्रकरणात २०२१ मध्ये ठरलं आहे.

दोन तारखा घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून साठावा आणि नव्वदावा दिवस. गुन्ह्यानुसार त्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. यूएपीएत न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. हा हक्क आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, तोही आरोपपत्र दाखल व्हायच्या आधी. एका दिवसाने चुकला की गेला. मुदत संपल्यावरच्या पहिल्या सकाळी न्यायालय उघडताना वकील अर्ज घेऊन दारात हवेत.

जामीन मिळाला की पेढे वाटतात, आणि माणूस आणखी आठ दिवस आतच असतो. कारण जामीनदार. पंचवीस-पन्नास हजारांचा ऐपतदार जामीनदार म्हणजे सातबारा आला, आणि कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्या-पुतण्यांची पंधरा नावं, त्यातली नऊ मुंबईत, दोन मयत, वारस नोंद नाही. जामीनदाराचा स्वतःचा हिस्सा किती ते कागदावर दिसत नाही म्हणून तहसीलदार ऐपतीच्या दाखल्याला अडतात. म्हणून फाईल करतानाच असे दोघं शोधा ज्यांचं खातं स्वतंत्र आहे, किंवा ज्यांना पगारपत्रक मिळतं. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची चालू पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो. कोणीच नसेल तर वकिलाने जातमुचलक्यावर (स्वतःच्याच हमीवर) किंवा रोख रकमेवर सोडण्याचा अर्ज करावा. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. आठव्या दिवशी तुम्हीच फोन करून विचारा, कळवलं का.

## ८. बाहेरची मोहीम

आता मोर्चा, सभा, पत्रकं. यांची गरज आहेच. बाहेर आवाज असेल तर आत औषध वेळेवर मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आधी संमती. आतल्या माणसाला विचारा, तुझ्या आजाराबद्दल काय सांगायचं आणि काय नाही. एखाद्या बाईच्या गर्भाशयाचा आजार पत्रकावर छापून वाडीभर वाटला गेला, तिला मुलाखतीत कळलं, आणि ती आमच्याशी महिनाभर बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

बोलणारा एकच ठेवा. मागणी एक आणि मोजता येईल अशी: ‘हृदयतज्ज्ञाकडे न्या.’ ‘गार्ड द्या.’ ती पूर्ण झाली की पुढची. ‘सर्व आंदोलकांची बिनशर्त सुटका’ ही घोषणा राहू दे, पण तिच्यावर अधिकाऱ्याला सही करता येत नाही, गार्डच्या पत्रावर करता येते.

ग्रामसभेचा ठराव घ्या. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं पत्र जोडा. पत्रकारांना भाषण नको, डायरीतल्या तारखांचं एक पान द्या. खरं आहे तेवढंच लिहा: एकदा ‘मरणाच्या दारात’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो पडद्यावर हसताना दिसला, तर पुढचं खरं दुखणं कोणी ऐकत नाही. साक्षीदाराच्या घरी जाऊ नका, त्याचं नाव पत्रकात घेऊ नका. त्याच कारणावर जामीन रद्द होतो.

पैसा. वेगळी वही, दोन सह्या, दर पंधरा दिवसांनी हिशोब भिंतीवर. आखातातल्या भावांनी पैसे पाठवले तर पाठवणारा भारतीय पासपोर्टवाला हवा, पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईतले आणि बँकेमार्फत. परदेशी नागरिकाचे किंवा तिथल्या संस्थेचे पैसे परदेशी देणगीच्या कायद्यात अडकतात, आणि मग अख्खं आंदोलन त्या चौकशीत रुतून बसतं.

खटले मागे घ्यायची मागणीही वेळेत करा. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढतं, त्यात तारखेची आणि नुकसानीच्या रकमेची अट असते, जीवितहानी झालेली चालत नाही. आपला गुन्हा त्यात बसतो का ते बघून अर्ज द्या. आरोपींत आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा खटला मागे घेता येत नाही. म्हणून पुढाऱ्याचं नाव आपल्याच आरोपपत्रात असलं तर त्याचा निर्णय वेगळा आणि साध्या माणसांचा वेगळा मागा.

## ९. सुटकेच्या दिवशी

जामीनदार मंजूर झाले की सुटकेचा आदेश संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद करण्याआधी कारागृहात पोचायला हवा. तालुक्याच्या न्यायालयातून कारागृह शंभर किलोमीटरवर असेल तर तो दुपारी दोनच्या आत हातात हवा. आदेशातलं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक बंदी नोंदीशी जुळवून बघा. ‘तुकाराम’चा ‘तुकराम’ झाला म्हणून माणूस आणखी एक रात्र आत राहिलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात वर्ग केलेलं नाही ना, हेही आदल्या दिवशी विचारा.

दाराशी हार-गुलाल घेऊन दोनशे माणसं नको. मनाई आदेश चालू असला तर तिथेच नवा गुन्हा होतो. गाडी, पाणी, त्याची नेहमीची गोळी, घरचे दोघं.

घरी नेण्याआधी सरकारी रुग्णालयात न्या. वजन, रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे, आणि तोंडी नको, केसपेपरवर. आतल्या उपचारांच्या कागदांच्या प्रती मागण्याचा अर्ज त्याच आठवड्यात त्याच्या सहीने द्या. जामिनाच्या अटी मोठ्या अक्षरांत लिहून घरात लावा: कुठल्या वारी किती वाजता पोलीस ठाण्यात हजेरी, कुठल्या गावात जायला मनाई. हजेरीला जाताना वही न्या आणि ठाणे अंमलदाराची सही घ्या. पहिल्या महिन्यात सोबत कोणीतरी जा.